एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे व्हॉलंटियर पाठवताय? किल्ली, फोन, पैसा आणि गोळ्यांचं आधी ठरवा

आपल्या एरियातल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी काहीतरी करूया असं चार जणांनी ठरवलं की सगळ्यात आधी व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, त्याला छानसं नाव मिळतं, बघता बघता अर्धी सोसायटी ॲड होते आणि मग एक दिवस मेसेज पडतो, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, कोणी आहे का? त्यावर धडाधड अंगठे, हात जोडलेले इमोजी, "मी बघतो", "मी पण आहे". दुसऱ्या दिवशी काकू साडेनऊलाच साडी नेसून, फाईल पिशवीत घालून तयार आणि दारात कुणीच नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा गेला असेल.

मी पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात हे काम बघते, आणि नवीन ग्रुप सुरू करणारे विचारतात की रिस्क म्हणजे नक्की कसली, चोरी वगैरे का? चोरीची भीती सगळ्यांनाच असते, त्यासाठी पोलीस व्हेरिफिकेशन कराच. पण जास्त गडबड होते ती चांगल्या माणसांच्या चांगुलपणातून. दोघांच्या मधे काम पडतं, कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि कुणीतरी मायेपोटी भलतंच करून बसतं. म्हणून खालचं सगळं मुख्यतः त्याबद्दल आहे.

एका घराला एक नाव

प्रत्येक घराला एक मुख्य व्हॉलंटियर, एक बदली आणि त्यांच्या डोक्यावर एक कोऑर्डिनेटर, बस. ग्रुपवर काम वाटायचं नाही, ग्रुप फक्त सूचनांसाठी. काम आलं की कोऑर्डिनेटर एकाच माणसाला फोन करणार आणि तो तोंडाने "हो, मी जातोय" म्हणेपर्यंत ते काम कोऑर्डिनेटरचंच. अंगठा म्हणजे होकार नाही हे पहिल्याच मीटिंगमधे सांगून टाका, लोक हसतात, हसू द्या. मग दोनच मेसेज, घरी पोचल्यावर एक आणि निघाल्यावर एक, लांबलचक काही नको, "पोचलो", "निघालो", संपलं.

एका व्हॉलंटियरला दोनपेक्षा जास्त घरं देऊ नका, उत्साहात लोक चार-चार मागतात आणि दोन महिन्यांत गायब होतात. कोऑर्डिनेटरकडेही दहा-बारा घरांच्या वर गेलं की त्याला कुणाचं काय चाललंय ते आठवत नाही, मग दुसरा कोऑर्डिनेटर बघा. आणि कोऑर्डिनेटर गावाला जाणार असेल तर त्याचीही बदली हवीच, हे हमखास राहतं.

पहिल्या भेटीत एक कागद

पहिल्या भेटीला दोघं जा, बसा, चहा प्या आणि एका कागदावर सगळं लिहून घ्या. कुठले आजार, कुठल्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का (हे वेगळं आणि मोठ्या अक्षरात, का ते पुढे येईल), दवाखान्याची फाईल कुठल्या कपाटात, फॅमिली डॉक्टर कोण, शेजारी कुणाशी पटतं आणि कुणाशी नाही. कानाचं मशीन वापरतात का आणि कधी काढून ठेवतात हेही लिहा.

एक गोष्ट लोक विचारायला लाजतात, ती म्हणजे वेळ आली तर इथला निर्णय कोण घेणार. मुलगा न्यू जर्सीत असेल तर आपल्याकडे सकाळचे अकरा म्हणजे त्याच्याकडे मध्यरात्र उलटलेली, फोन सायलेंटवर. त्यामुळे पुण्यातला किंवा निदान ठाणे-नाशिकचा एक भाचा, पुतणी, जुना मित्र, कुणीतरी हवाच जो दोन तासात उभा राहील नाहीतर फोनवर "करा ॲडमिट" म्हणेल. असं नाव नसेल तर मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलून ते ठरवा आणि मगच ते घर आपल्या यादीत घ्या. कडक वाटेल, पण रात्री हॉस्पिटलच्या काउंटरवर ठरवत बसण्यापेक्षा बरं.

हा कागद एक प्रत आजींकडे कपाटात आणि एक कोऑर्डिनेटरकडे, बाकी कुठेही नाही. ग्रुपवर आधार कार्डाचे फोटो, "अमुक फ्लॅटमधे आजोबा एकटेच असतात" असले मेसेज बिलकुल नकोत, साठ लोकांच्या ग्रुपमधला मेसेज कुठवर जातो ते आपल्याला कळत नाही. वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदाही २०२३ साली झालाय, त्यामुळे माहिती घेताना कशासाठी घेतोय ते सांगा आणि त्यांची संमती घ्या.

किल्ली आणि आतली कडी

किल्लीचं सगळेच बोलतात, कडीचं कुणी बोलत नाही. आजी बाथरूममधे पडल्या, शेजाऱ्यांकडे लॅचची किल्ली आहे, सगळे धावत आले आणि दाराला आतून कडी! मग सुतार शोधा, नाहीतर फायर ब्रिगेड बोलवा. वर्षानुवर्षं रात्री कडी लावून झोपायची सवय असते, ती सहज सुटत नाही, नुसतं सांगून तर नाहीच. त्यांना कडीची सुरक्षितता हवी असते, तर चांगलं डबल लॉकवालं लॅच बसवून द्या, जे बाहेरून किल्लीने उघडतं, सेफ्टी डोअरचंही तसंच बघा, आणि मग वरची कडी आणि खालचा बोल्ट लावायचा नाही असं ठरवा. बाथरूमच्या दाराला आतली कडी शक्यतो नकोच, घरात एकटं असताना कुणापासून बंद करायचंय? तरी लाज वाटते म्हणतात, मग पडदा लावा पण कडी काढा.

किल्ली कुणाकडे द्यायची हे त्या ज्येष्ठांनी ठरवायचं, आपण नाही. शक्यतो शेजाऱ्याकडे, व्हॉलंटियरकडे दुसरा पर्याय म्हणून. कुठे आहे ते कागदावर लिहायचं आणि किल्लीला फ्लॅट नंबरची चिठ्ठी लावायची नाही, हरवली तर ज्याला सापडेल त्याला पत्ता मिळेल. किल्ली देताना-घेताना वहीत सही. ही सही काही जणांना अविश्वास वाटते, त्यांना सांगा की ही तुमच्यासाठीच आहे, उद्या घरात काही सापडलं नाही तर सगळ्यात आधी बोट तुमच्याकडे जाईल.

फोन उचलला नाही तर

रोज एक फोन, ठरलेल्या वेळेला. पण फोन उचलला नाही तर पुढे काय हे ठरलेलं नसेल तर त्या फोनला काही अर्थ नाही. आमच्याकडे असं आहे: पहिला फोन, मग पंधरा मिनिटांनी दुसरा (कानाचं मशीन चार्जिंगला असतं, आंघोळ चालू असते), मग शेजाऱ्यांना फोन, मग वॉचमनला वर पाठवून बेल वाजवायला सांगायची आणि तरी काही नाही तर किल्ली घेऊन दोघांनी आत जायचं, एकट्याने नाही. हे सगळं तासाभरात. "दुपारी करू परत" असं म्हणायचं नाही.

दूधवाला आणि पेपरवाला यांच्याशी ओळख करून घ्या. दाराला अडकवलेल्या पिशवीत दुधाची पिशवी तशीच पडून आहे, कडीत पेपर तसाच आहे, हे त्यांना सकाळी सातच्या आत दिसतं, तुमचा फोन दहाला जाणार. नुसतं एवढंच सांगा की कालची पिशवी आज तशीच दिसली तर या नंबरवर एक मिस्ड कॉल द्या. ते आनंदाने करतात.

पैसा

इथे नियम कडकच हवेत. व्हॉलंटियरने उसने घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत, दागिने सांभाळायला ठेवायचे नाहीत, एटीएमचा पिन ऐकायचासुद्धा नाही. आजोबा स्वतःहून सांगायला लागले तर कानावर हात ठेवा, खरंच ठेवा, त्यांना गंमत वाटते आणि मुद्दाही कळतो. "माझ्या फोनवरून लाईट बिल भर ना जरा" ही मागणी रोजची असते, तर ते भरताना फोन त्यांच्याच हातात, पिन त्यांनीच टाकायचा, आपण फक्त कुठे दाबायचं ते दाखवायचं. औषधं, भाजी आणली तर बिल आणि सुटे पैसे तिथल्या तिथे, वहीत नोंद. मृत्यूपत्र, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र, नॉमिनी यात कुठेही साक्षीदार म्हणूनसुद्धा सही करायची नाही, कोऑर्डिनेटरला कळवायचं. दिवाळीत आजी पाकीट हातात कोंबतातच, त्याला काय करायचं? फराळ घ्या, पाकीट परत द्या, आणि हा नियम सगळ्यांना आधीच पत्रक छापून कळवा म्हणजे नाही म्हणणाऱ्याला अवघड जात नाही.

फसवणुकीचे फोन हा वेगळा विषय. "तुमच्या नावाच्या पार्सलमधे ड्रग्ज सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही" हा प्रकार शिकल्या-सवरल्या रिटायर्ड लोकांनाच जास्त गाठतो, कारण पोलीस म्हटलं की ते घाबरतात. डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाही हे प्रत्येक घरी तोंडाने सांगा आणि फोनशेजारी चिठ्ठी चिकटवा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, जितका लवकर तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त. त्या माणसाला "तुम्हाला कळलं नाही का" असं कुणीही म्हणायचं नाही, कारण लाजेने लोक दोन-दोन दिवस सांगत नाहीत आणि तोवर पैसे पार झालेले असतात.

नोव्हेंबरमधे पेन्शन चालू राहण्यासाठीच्या हयातीच्या दाखल्याचं काम येतं, चेहरा दाखवून मोबाईलवर होतं हल्ली, त्यात आधार नंबर, पेन्शनचा नंबर, ओटीपी सगळं उघडं होतं. म्हणून हे काम नेहमी दोघांनी करायचं, एक जण फोन धरेल आणि दुसरा बघेल, आणि झालं की माहिती व्हॉलंटियरच्या फोनमधून तिथल्या तिथे डिलीट. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, तर त्यांचं आधी उरकून घ्या, नोव्हेंबरची गर्दी तेवढी कमी.

गोळ्या आणि उपास

व्हॉलंटियरने गोळ्यांची डबी भरायची नाही, डोस बदलायचा नाही, "माझ्या सासूबाईंना याने फरक पडला" असं तर अजिबात नाही. आठवण करू शकता, चष्मा लावून नाव वाचून दाखवू शकता. पण डोळे उघडे ठेवा. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि जुनी स्ट्रिप डब्यात तशीच, दोन्हींची नावं वेगळी आणि आतलं औषध एकच, मग आजी इमानदारीत दोन्ही घेतात आणि दोन दिवसांनी चक्कर येऊन पडतात. तर दर महिन्याला सगळ्या स्ट्रिपा टेबलावर मांडायच्या, फोटो काढायचा, फॅमिली डॉक्टरला किंवा ओळखीच्या केमिस्टला दाखवायचा आणि तो फोटोसुद्धा मग काढून टाकायचा.

उपासाकडे विशेष लक्ष. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत, म्हणजे कधी कधी रात्री नऊ-साडेनऊपर्यंत, पोटात धड काही नाही आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेहमीच्या वेळेला, हे अगदी सर्रास चालतं. उपास करू नका असं म्हणायला आपण कोण, ते ऐकणारही नाहीत. पण चतुर्थी, एकादशी, नवरात्र कॅलेंडरवर मार्क करून ठेवा, त्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यायला लावा की त्या दिवशी गोळीचं काय करायचं, आणि उपासाच्या संध्याकाळी एक जादा फोन करा. घाम फुटला, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध झालं (शुगर खाली गेलेली असू शकते) आणि माणूस शुद्धीत आहे, गिळू शकतोय, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८.

पडले तर

सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया म्हणजे काखेत हात घालून उचलणं. ते करू नका. आधी तिथेच बसा, बोला, कुठे दुखतंय विचारा. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय तर खुब्याचं हाड गेलेलं असू शकतं, हलवायचं नाही, चादर पांघरायची आणि ॲम्ब्युलन्स. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल (तो मोठ्या अक्षरातला कॉलम) तर माणूस हसत-बोलत असला तरी हॉस्पिटल, कारण आतला रक्तस्राव हळूहळू वाढतो. तोंड वाकडं, एक हात वर होत नाही, बोलणं अडखळतंय, तर तो पक्षाघात असू शकतो, घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात की शेवटचे व्यवस्थित कधी होते. तसंच परवापर्यंत नीट असलेल्या आजी अचानक भलतंच बोलायला लागल्या तर "वय झालं" म्हणून सोडू नका, लघवीचं इन्फेक्शन किंवा अंगातलं मीठ कमी होणं असू शकतं, डॉक्टरला दाखवा.

पुण्यात गुरुवारी पाणी नसलं की आदल्या रात्री बाथरूमभर बादल्या, टब, पातेली भरून ठेवतात आणि पाय ठेवायला जागा राहत नाही. म्हणून पाणी नसायच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी जाऊन बादल्या भिंतीकडेला लावून यायच्या, पाच मिनिटांचं काम आहे पण पुढची मोठी दगदग वाचते.

हॉस्पिटलात व्हॉलंटियर कोण असतो

काउंटरवर विचारतात, पेशंटचे कोण? तिथे "मुलासारखा" म्हणू नका, स्पष्ट "स्वयंसेवक" सांगा आणि नातेवाइकांचा नंबर द्या. कन्सेंट फॉर्मवर व्हॉलंटियरने सही करायची नाही, पेशंट शुद्धीत असेल तर तो स्वतः करेल, नसेल तर तो इथला निर्णय घेणारा माणूस. जिवावर बेतलं असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, त्यामुळे त्या दडपणाखाली पेन हातात घेऊ नका. डिपॉझिटचं आधीच मुलांशी बोलून ठेवा, किती पर्यंत, कुठल्या खात्यातून, कोण ट्रान्सफर करणार. व्हॉलंटियरने स्वतःच्या कार्डावर भरले की पुढे सगळंच अवघड होतं, पैसे परत आले तरी नातं बदलतं. ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान भारतचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, ते आजारी पडायच्या आधी काढून ठेवा आणि जवळचं कुठलं हॉस्पिटल त्यात बसतं ते बघून कागदावर लिहा.

आणि दुचाकीवर मागे बसवून कुणालाही न्यायचं नाही. रिक्षा करा.

व्हॉलंटियर निवडताना आणि सांभाळताना

दोन ओळखी, ओळखपत्र, चारित्र्य पडताळणीचा दाखला आणि पहिले काही आठवडे जुन्या माणसाबरोबर जोडीने. मुलींना एकट्या आजोबांकडे एकटं पाठवू नका. आजोबांचं वागणं खटकण्याचे प्रकार होतात, ते "म्हातारे आहेत, सोड" म्हणून झाकू नका, मुलीला कारण न देता त्या घरचं काम सोडायची मुभा हवी. उलट बाजूनेही तेच, आजींनी एखाद्याला नको म्हटलं की विषय संपला.

कॉलेजची मुलं एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजना) येतात, वर्षाला १२० तासांचं गणित असतं त्यांचं, तास भरले की किंवा परीक्षा आली की ती दिसत नाहीत. यात त्यांचा दोष नाही, तुमच्या वेळापत्रकाचा आहे. मुलांना मुख्य व्हॉलंटियर करू नका, बदली करा, मोबाईल शिकवणं, वाचून दाखवणं, फिरायला नेणं द्या, आणि जाणार असतील तर नवीन माणसाबरोबर दोन-तीन भेटी एकत्र करूनच सोडा. अचानक यायचा बंद झालेला नातवासारखा मुलगा हे त्या घरात फार लागतं.

१८ ते ७० वयाच्या व्हॉलंटियरांना प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढायला लावा, वर्षाला २० रुपये बँकेतून कापले जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं कव्हर आहे. आपल्याकडचे निम्मे व्हॉलंटियर स्वतःच पासष्टीचे असतात हे विसरू नका, जिन्यात त्यांचाही पाय घसरतो.

गणपतीत पेठांमधे राहणाऱ्यांचं वेगळं प्लॅनिंग लागतं, विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद म्हणजे ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येत नाही, तर डायलिसिसवाल्यांनी त्या दिवसाची वेळ आधीच बदलून घ्यायची किंवा आदल्या रात्री नदीपलीकडच्या नातेवाइकांकडे जायचं. दिवाळीत उलटं, रस्ते मोकळे पण व्हॉलंटियर सगळे गावाला, तेव्हाची ड्युटी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच वाटून घ्या.

घरातच त्रास असेल तर

कधी कधी लक्षात येतं की धोका घरातच आहे, अंगावर वळ आहेत, किंवा मुलगा समोर असला की आजी गप्प, फ्लॅट नावावर करून द्यायचा तगादा चाललाय. व्हॉलंटियरने तिथे भांडायचं नाही, आपण निघून येतो, आजी तिथेच राहतात. ऐकून घ्या, तारीख घालून त्यांच्याच शब्दात लिहा, कोऑर्डिनेटरला त्याच दिवशी सांगा. एल्डरलाइन १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, तिथून मार्गदर्शन मिळतं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात निर्वाहासाठी अर्ज करता येतो, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, सांभाळ केला नाही तर, परत मागता येते. अट कागदावर असणं महत्त्वाचं आहे, म्हणून सही करायच्या आधी वकिलाला दाखवा एवढं तरी आजींच्या कानावर घाला. तक्रार करायची की नाही हे मात्र त्यांच्या मनावर, जीवाला धोका दिसत असेल तेव्हा सोडून, तेव्हा ११२.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी तासभर बसा आणि थोडक्यात टळलेले प्रसंग सांगा, कोण घसरता घसरता राहिलं, कुणाचा फोन लागला नव्हता, कुठे दोघं एकाच वेळी पोचले आणि कुठे कुणीच नाही. नाव न घेता, दोष न देता, वहीत तारीख आणि पुढे काय बदललं तेवढं. अशा मीटिंगला लोक टाळाटाळ करतात, त्यामुळे वडापाव ठेवा आणि मीटिंग रविवारी सकाळी घ्या, संध्याकाळी मॅच असली की कुणी फिरकत नाही.